ओग्दोची जागा

म्हातारा प्रोकोपी सकाळी काठी घेऊन तळ्याकडे गेला की परत येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, हा गेल्या दोन उन्हाळ्यांतला अलिखित कायदा होता. परत आला की तो काठी दाराशी टेकवायचा, चहात दूध जास्त झालंय अशी रोजची तक्रार करायचा, एक आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा. त्या दिवशी त्याने सांगितलं, "सहा."

सून लुकेर्या तव्यावर अलाद्या, म्हणजे जाड धिरडी, टाकत होती. तिचा हात थांबला. "परवा तर आठ होते ना, बाबा?"

"परवा आठ होते. मग पाऊस झाला. आज सहा."

गवत कापायच्या दिवसांत या घरातली सगळी माणसं जुलैमध्ये एकत्र यायची. एरवी कितीही तोंडं फिरवलेली असोत, गवताला चुकायचं नाही. थोरला मुलगा गव्रील आणि त्याची बायको लुकेर्या तर इथलीच. मधली लेक फेदोस्या जिल्ह्याच्या गावातल्या शाळेत शिकवायची, ती पहिल्याच दिवशी काकड्यांची बरणी आणि घरातल्या प्रत्येकाबद्दलची मतं घेऊन हजर झाली होती. धाकटी क्युन्ने मात्र तीन वर्षांनी आली होती. शहरात ती जमिनीत खोल भोकं पाडून आतली थंडी मोजायचं काम करायची. तिच्या सामानात कपडे कमी आणि लोखंडी सळया जास्त, हे लुकेर्याने आल्या आल्याच बघून ठेवलं होतं.

"सहा काय?" क्युन्नेने फेदोस्याला हळूच विचारलं.

"पावलं. आईच्या थडग्याच्या कुंपणापासून तळ्याच्या काठापर्यंत."

क्युन्नेने कप खाली ठेवला. "ताई, तीन वर्षांपूर्वी मी गेले होते तेव्हा चाळीस तरी होती."

"होती ना. मग? तुला फोनवर सांगितलं असतं तर तू काय फोनवरून काठ धरून ठेवणार होतीस?"

फेदोस्याच्या बोलण्याला धार असायची, पण त्या दिवशी तिने तोंड फिरवून रिकाम्या ताटलीत चमचा फिरवला. म्हातारा पश्चिमेच्या खिडकीशी आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे. तिथून कुरण दिसायचं, तळं दिसायचं, आणि तळ्याच्या अलीकडे उघड्या उतारावर लाकडी कुंपणातली ती एक जागा. एक्कावन्न वर्षं तो तेच बघत होता.

*

दुपारी गवतात जेवायला बसले तेव्हा डासांसाठी शेणाचा धूर केला होता. धूर नेमका गव्रीलच्या तोंडावर येत होता, पण तो हलला नाही. आपण बसलो तिथून उठायचं नाही, हा त्याचा स्वभाव.

"हलवायला हवं," क्युन्ने म्हणाली. "या आठवड्यात. दादा, असाच एक जोरदार पाऊस आणखी झाला तर काही शिल्लक राहणार नाही."

"मेलेल्या माणसाला हलवत नाहीत."

"दादा..."

"दादा-बिदा काही नाही. शहरात करत असतील. आपल्यात थडग्याला हातसुद्धा लावत नाहीत. कुंपण पडलं तर पडू द्यायचं. खांब वाकला तर वाकू द्यायचा. जमिनीनं घेतलं, जमीन काय ते करेल."

"जमीन नाही घेत आहे. पाणी घेतंय."

"मग पाणी."

फेदोस्याने भावाच्या वाटीत मलई वाढली. ती त्याच्या बाजूला आहे हे सांगायची तिची ती पद्धत होती. "क्युन्ने, दादा चूक नाही बोलत. गावात कोण खणायला येईल? त्या ट्रॅक्टरवाल्या स्पिरिदोनला विचार. तो थडग्याजवळून जाताना टोपी डोळ्यांवर ओढतो. आणि घरच्यांनी खणायचं नसतं. मग खणणार कोण, तुझ्या सळया?"

"मी खणीन."

"तू." फेदोस्या हसली. हसू तसं दुष्ट नव्हतं. "तू तिला पाहिलं तरी आहेस का?"

मग तिची तिलाच लाज वाटली. क्युन्ने दहा दिवसांची असताना त्यांची आई, ओग्दो, गेली होती, जानेवारीत, उणे पन्नास अंशांच्या थंडीत. महिन्याच्या क्युन्नेला घोंगडीत गुंडाळून शहरातल्या आत्याकडे पाठवलं गेलं. आईचा एकच फोटो घरात होता: गोठ्यातल्या बायका एका रांगेत उभ्या, आणि उजवीकडून तिसरी, नेमकी तीच, कॅमेरा वाजताना कुणाकडे तरी वळून बघत होती. त्या चेहऱ्याच्या जागी एक पांढरा फराटा आला होता. क्युन्नेकडे आई म्हणून होता तो एवढाच.

"नाही पाहिलं," क्युन्ने म्हणाली. "म्हणूनच तळ्यात जाऊ देणार नाही."

ती उठली, सळई उचलली आणि उताराकडे चालायला लागली.

गव्रील तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला आईचा चेहरा आठवत होता, म्हणजे आठवतो असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं तर त्याला फक्त उंची आठवत होती. आठ वर्षांच्या पोराला आई भिंतीएवढी दिसते. पण अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेली बाई केवढी असणार? त्याची स्वतःची लेक आज तेहतीस वर्षांची होती. गोठलेल्या जमिनीतली माणसं जशी ठेवली तशी राहतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. खणलं, आणि आतून आपल्या लेकीपेक्षा लहान मुलगी निघाली, तर तिला आई कसं म्हणायचं? रिवाजाचं कारण त्याने पुढे केलं होतं ते खरंच होतं, पण त्याच्या मागे ही भीती होती.

*

क्युन्नेला उतारावर चालताना ठेचा लागत होत्या. वरून सपाट दिसणारी जमीन खाली गोल गोल टेकाडांत फुटली होती. पाव लावून ठेवल्यासारखी टेकाडं, मध्ये गुडघाभर खड्डे आणि खड्ड्यांत पाणी. हे तिने शंभर ठिकाणी पाहिलं होतं. जमिनीखाली बर्फाच्या मोठ्या भिंती असतात. वर जंगल आणि शेवाळ असेतोवर त्या हजारो वर्षं झोपून राहतात. पांघरूण काढलं की वितळतात, आणि वरची माती खाली बसते. एका जुन्या गावातला विमानतळ असाच बसला होता, अर्ध्या गावाच्या भिंती वाकल्या होत्या. तिथल्या लोकांना ती समजावून सांगायची. स्वतःच्या घराच्या उतारावर तिने आजवर सळई रोवली नव्हती.

तिने कुंपणाशी सळई घुसवली. दीड हातावर आत बर्फाला टकटक लागलं. म्हणजे पेटी अजून निदान अर्धी तरी बर्फात होती. मग ती वर, बाजूला, तिरकी अशी सळई रोवत गेली आणि एका टेकाडाच्या पोटात सळई लाकडात अडकली. कुजलेलं, पण खोड होतं. दुसऱ्या टेकाडात दुसरं. पुढे तिसरं. करवतीने सपाट कापलेली खोडं, कुंपणापासून घराच्या दिशेने दोन्ही बाजूंना.

गव्रील खाली आला तेव्हा ती एका खोडावर बसली होती.

"दादा, हा उतार उघडा नव्हता. इथं लार्चच्या झाडांचं जंगल होतं."

"असेल."

"कुणी तोडलं?"

"सरकारी शेतानं. ओट पेरायचे होते. सगळीकडेच तोडायचे तेव्हा."

"ओटासाठी थडग्याभोवती गोल तोडतात? आणि शेवाळही खरवडलंय. पलीकडच्या उतारावर जा, जंगल जसंच्या तसं आहे. तिथं जमीन इतकी नाही बसलेली." तिने वर पाहिलं. "दादा, तू नजर का चुकवतोयस?"

"डास आहेत," गव्रील म्हणाला. त्या क्षणी आजूबाजूला एकही डास नव्हता.

*

मग दोन दिवस पाऊस लागला. इकडे पूर्वी जुलैत असा पाऊस नसायचा, सारखा, कोमट, आंघोळीच्या पाण्यासारखा. कापलेलं गवत काळं पडलं. घरातली सगळी माणसं एकाच खोलीत कोंडली गेली, आणि या घराण्यातली माणसं एका छताखाली दोन दिवस कोंडली की काही ना काही बाहेर पडतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्याकडून आवाज आला, ओलं पोतं खाली टाकावं तसा. म्हातारा टोपी न घालताच बाहेर गेला. परतला तेव्हा त्याच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. काठी दाराशी टेकवायचं तो विसरला. हातातच धरून खुर्चीत बसला.

"किती?" फेदोस्याने विचारलं.

"तीन."

"बाबा, आता तरी..." क्युन्ने म्हणाली.

"तिला काढायचं नाही."

"का? दादा म्हणतो रिवाज. तुम्ही कधीच्या काळी रिवाज पाळलात? कुणी थडग्याकडे वळून बघत नाही, तुम्ही एक्कावन्न वर्षं खिडकीतून बघताय. मग रिवाज आजच कुठून आला?"

"क्युन्ने, हळू," लुकेर्या म्हणाली.

"नाही वहिनी. मला एवढंच सांगा, ती झाडं कुणी तोडली? दादा म्हणतो सरकारी शेतानं. खोटं आहे ते. त्याला नीट खोटंही बोलता येत नाही."

गव्रील चुलीकडे बघत होता. म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली.

"त्याला बोलू नकोस. तो माझ्यासाठी बोलला," तो म्हणाला. "मी तोडली."

छतावर पाऊस चालूच होता.

"तो जानेवारी होता. खिडकीवर बोटभर बर्फ. ती पडून होती, तू तिच्या कुशीत. दर थोड्या वेळानं विचारायची, ऊन आलं का? मी म्हणायचो, येईल. ते ऊन कसलं, डोंगरामागून येतं आणि जंगलातच संपतं. तुझं नाव तिनंच ठेवलं, सूर्यावरून. म्हणाली, एक तरी ऊन घरात असू दे. मग गेली. शेजाऱ्यांनी तीन दिवस आग लावून जमीन मऊ केली, खणलं, ठेवलं. मार्चमध्ये मी गेलो तिकडे. तळ्यावर ऊन होतं. घरावर ऊन. गाईंच्या पाठीवर ऊन. तिच्या जागेवर मात्र झाडांची सावली. मला ते बघवेना. दोन उन्हाळे लागले. करवतीचं दुसरं टोक या गव्रीलनं धरलं, एवढासा होता. शेवाळही काढलं, गवत यावं म्हणून. तिला गवताचा वास आवडायचा. आणि गवत आलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर ऊन पडायला लागलं. मला बरं वाटलं."

गव्रील म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा? कुणालाच माहीत नव्हतं."

"कळलं ना नंतर. जमीन पहिल्यांदा फुटली ती तिच्या पायथ्याशी. तेव्हाच कळलं." तो क्युन्नेकडे वळला. "तू शिकलेली आहेस. खरं सांग. मी नसती तोडली तर?"

क्युन्नेला खोटं बोलता आलं असतं. तिने शहरात किती म्हाताऱ्यांना, तुमची काही चूक नाही, असं सांगितलं होतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण या माणसाने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं. फारसं काहीच सांगितलं नव्हतं, हे वेगळं.

"तरी बसली असती जमीन," ती म्हणाली. "सगळीकडे बसतेय, बाबा. जगभरची हवाच तापलीय. न तोडलेल्या जंगलातही आता पाणी साठतंय. आणि गोठलेली जमीन सुटायला लागली की आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर येतं. हिवाळ्यात तळ्याच्या बर्फात बुडबुडे दिसतात ना, तो आतला वायू आहे. तो वर गेला की हवा आणखी तापते. मग आणखी जमीन सुटते. तुमच्या करवतीनं एवढं सगळं झालेलं नाही."

"इथलं. इथलं कधी झालं असतं?"

"आणखी तीस वर्षांनी. चाळीस."

"म्हणजे मी गेल्यावर."

"हो."

म्हाताऱ्याने मान हलवली. जणू बऱ्याच दिवसांपासूनचा हिशोब त्याने स्वतःच मांडून ठेवला होता आणि आता तो फक्त बरोबर निघाला होता.

"झाडं तोडायला दोन उन्हाळे होते तुमच्याकडे," क्युन्ने म्हणाली, आणि तिचा आवाज तिला नको तिथे फाटला. "मला आणायला एकही नव्हता. सात वर्षांची होईपर्यंत मी आत्यालाच आई म्हणत होते. तुम्ही उन्हाळ्यात यायचात, खाऊ ठेवायचात आणि माझ्याकडे न बघता जायचात."

"हो."

"नुसतं हो?"

"तुला बघितलं की मला ते दहा दिवस दिसायचे. थडगं बघितलं की नुसती ती दिसायची. थडगं सोपं होतं, पोरी. तू सोपी नव्हतीस. चुकलंच माझं."

फेदोस्या रडत होती. ती रडताना नेहमी रागावल्यासारखी दिसायची. तिने डोळे पुसले आणि एकदम बाजू बदलली, तिला जमायची तशी. "दादा, काढू या तिला. गावाला काय म्हणायचंय ते म्हणू दे. तीस वर्षं शाळेत मुलांच्या आयांना मीच सांगत आले, लोक काय म्हणतील याला घाबरू नका. आणि स्वतः दोन दिवस मी तेच बोलत बसलेय."

"नाही," गव्रील म्हणाला, पण पहिल्यासारखं नाही.

तेव्हा लुकेर्या बोलली. ती या घरात पस्तीस वर्षं होती, आणि सासू हा विषय निघाला की तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. तिने हात फडक्याला पुसले.

"मला रिवाजातलं फार कळत नाही. पण त्या तळ्यातले मासे आपण खातो. गव्रील जाळं टाकतो, मी तळते, बाबा काटे काढून खातात. ही तीन पावलं संपली की मी ते तळणार नाही. आताच सांगून ठेवते. कुणी तळायचे ते तुम्ही ठरवा."

इतकं उघड बोलणं या घरात कुणी ऐकलं नव्हतं. गव्रील बायकोकडे बघत राहिला. मग त्याने खाली बघून आपल्या दोन्ही हातांचे पंजे पालथे केले, उताणे केले.

"जंगलात न्यायची?" त्याने अखेर विचारलं.

"उत्तरेच्या उतारावर," क्युन्ने म्हणाली. "दाट जंगलात. तिथं हातभर खाली अजून दगडासारखं आहे."

"तिथून खिडकीतून दिसणार नाही," फेदोस्या म्हणाली.

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत नव्हता. तो पायांवरच्या चिखलाकडे बघत होता.

"मला भीती कसली वाटते, सांगू?" तो म्हणाला. "ती अठ्ठावीसची असेल अजून. आणि मी हा असा. तिनं ओळखलं नाही तर?"

लुकेर्याने त्याच्या पायातले ओले बूट काढले, चुलीशी उलटे ठेवले आणि म्हणाली, "पेटी उघडायची नाही, बाबा. मग कसली ओळख नि कसलं काय."

*

पाऊस थांबला त्या सकाळी दोन पावलं उरली होती.

स्पिरिदोनला विचारलं तर त्याने अपेक्षेप्रमाणे टोपी डोळ्यांवर ओढली. "मी ट्रॅक्टर आणतो. पण मी पाठ करून बसणार. ट्रॅक्टरला बघायचं असेल तर ट्रॅक्टर बघेल." आणि तो खरोखरच तसा आला, लाकडी गाडा जोडून, आणि कुंपणापासून वीस पावलांवर तळ्याकडे पाठ करून तंबाखू ओढत बसला. एवढंही त्याने कुणासाठी केलं नसतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

नवी जागा त्यांनी आधीच करून ठेवली होती. क्युन्ने तिथे कुणालाही मनासारखं खणू देत नव्हती. शेवाळाचे गोधडीएवढे तुकडे सोडवायचे, सावलीत ठेवायचे, नंतर तसेच वर पसरायचे. एकही झाड तोडायचं नाही, मुळं सुद्धा वळसा घालून सोडायची. गव्रील दोनदा तिच्यावर ओरडला आणि दोन्ही वेळा तिने सांगितलं तसंच केलं. खाली घट्ट लागलं तेव्हा दिवसभर आग ठेवली.

इकडे, उघड्या उतारावर, म्हाताऱ्याने पहिल्यांदा छोटी आग पेटवली. तिला नैवेद्य म्हणून लोणी दिलं, अलादीचा तुकडा दिला, आणि आगीशीच काहीतरी पुटपुटला. मग मागे सरकला. "खणा."

गव्रील खणत होता, क्युन्ने खणत होती, फेदोस्या बादलीने चिखल काढत होती. वरची माती ओली, मग काळी, मग चिखल, आणि मग थंडीचा वास. तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. फावडं लाकडाला लागलं. लार्चची पेटी, पिवळीच होती अजून, कालची असावी तशी. खालची अर्धी बाजू निळसर बर्फात रुतलेली. डोक्याकडची एक फळी मात्र मधोमध चिरली होती. चीर चांगली दोन बोटं रुंद होती.

गव्रीलने फावडं टाकलं आणि तोंड फिरवलं. फेदोस्या खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. आणि सूर्य नेमका ढगातून बाहेर आला. कोवळं नव्हे, चांगलं जुलैचं ऊन. ते उतारावरून आलं, मधे एकही झाड नव्हतं, आणि सरळ पेटीवर पडलं. लाकडावरचं दंव बघता बघता पाणी व्हायला लागलं.

क्युन्ने पेटीजवळ गुडघ्यांवर बसली होती. चीर तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होती. थोडं वाकलं असतं तर ऊन आत शिरलं असतं आणि त्या उन्हात तिला दिसलं असतं. पन्नास वर्षं तिने हाच चेहरा बघायला मिळावा म्हणून काय काय केलं होतं. त्या फोटोच्या फराट्यावर भिंग ठेवलं होतं. आरशात स्वतःला बघून वयं वजा केली होती.

वरून म्हातारा म्हणाला, "बघायचं असेल तर बघ, पोरी. तुझा हक्क आहे. मी बघणार नाही." त्याने पाठ वळवली होती. स्पिरिदोनसारखीच.

क्युन्नेने हात चिरीवर ठेवला. आतून थंड वारा बोटांना लागला. एवढी थंडी तिने कामात रोज मोजली होती, आणि तरी तिला रडू कोसळलं. ही थंडी आईची होती. हिनेच आईला आजपर्यंत ठेवलं होतं. चार थेंब पाणी तिच्या मनगटावरून आत गळायला लागलं, तशी ती भानावर आली.

तिने अंगातला जाड कोट काढला. तो उलटा केला, चिरीवर घातला आणि चारही बाजूंनी नीट दाबून बसवला, की कुठूनही ऊन आत जाऊ नये.

"दादा, शेवाळ दे. सावलीतलं. आणि दोर. लवकर."

गव्रील धावला. म्हातारा हालचाल ऐकून वळला. खाली पाहिलं. त्याला पेटी दिसली, तिच्यावर लेकीचा निळा कोट दिसला, आणि उघड्या दंडांवर डास बसत असलेली लेक दिसली.

"हे काय केलंस?" तो म्हणाला. "कोट कशाला? तिला तर थंडीच वाजते."

"नाही, बाबा," क्युन्ने म्हणाली. "आता तिला थंडीच हवीय. ऊन नको तिला."

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर ठेवली, आपला जुना कोट काढायला सुरुवात केली, बटणं त्याच्या बोटांना सापडत नव्हती, तेव्हा फेदोस्याने ती काढून दिली. त्याने कोट खाली क्युन्नेकडे टाकला.

"मग हाही घाल," तो म्हणाला. "त्या बाजूनं अजून दिसतंय थोडं."